पणजोबांचं डेस्क

आमच्या घराण्यात एक डेस्क आहे. खुर्चीवर बसून लिहायचं टेबल नव्हे. गादीवर मांडी घालून बसायचं आणि पुढ्यात ओढून घ्यायचं, तसलं. लांबी दीड हात, रुंदी हातभर. झाकण पुढच्या बाजूला उतरतं. मागच्या सपाट पट्टीत दौतीसाठी दोन गोल खाचा आणि बोरू ठेवायला एक लांबट पन्हळ. लाकूड सागवानी, कडेनं बोटभर शिसवाची पट्टी. हे डेस्क माझ्या पणजोबांचं. त्यांचा जन्म १८७२ चा. भीमथडीतल्या एका बाजाराच्या गावी सावकाराच्या पेढीवर ते दिवाणजी होते. म्हातारपणी मुलाकडे पुण्याला राहायला आले तेव्हा येताना दोनच वस्तू आणल्या, देव आणि डेस्क.

२०१४ साली हे डेस्क माझ्या हाती आलं. त्यानंतरच्या तीनचार वर्षांत त्याच्यामुळे जे शिकले ते इथे लिहिते आहे. घरात आजोबा-पणजोबांची एखादी वस्तू माळ्यावर पडून असेल, तर यातलं काही उपयोगी पडेल.

१. आधी नुसतं बघावं.

डेस्क घरी आणलं तेव्हा पहिला विचार आला तो पॉलिशचा. कसबा पेठेतल्या एका वयस्कर सुतारांना बोलावलं. त्यांनी खिशातून पट्टी काढली, आतबाहेर मापं घेतली आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, रंधा मारायचा नाही. मारलात तर माणूस पुसला जाईल."

त्यांनी मला झाकणाच्या खालच्या काठावर हात फिरवायला लावला. उजव्या बाजूला, मनगट टेकतं तिथे, लाकूड वाटीसारखं खोल गेलं होतं. चाळीस वर्षं एकच हात तिथे टेकला होता. डाव्या कोपऱ्यात काळा, गोल डाग होता. दिवा तिथे ठेवत असणार. दौतीच्या एका खाचेभोवती शाईचा डाग होता आणि दुसरी खाच कोरी करकरीत. दुसऱ्या खाचेत बहुधा शाई टिपायची वाळू राहत असेल. एकही खिळा नव्हता. कोपऱ्याकोपऱ्यावर बोटांत बोटं गुंतवावीत तसे लाकडाचे दाते एकमेकांत बसवलेले. सुतार म्हणाले, हे काम ज्याने केलं त्याला पैशाची घाई नव्हती.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "बाहेरून आठ बोटं भरतंय, आतून साडेसहा. दीड बोट कुठं गेलं बघा." खालची फळी ठोकून काढायची का, असं मी विचारलं. त्यांनी नको म्हटलं. "ज्यानं केलंय त्यानं उघडायची सोयही केली असणार. ती सापडेपर्यंत थांबा."

२. भिजलेलं लाकूड उन्हात टाकू नये.

हे शिकले ते आजोबांमुळे, पण ते गेल्यावर बेचाळीस वर्षांनी. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं पुढे खडकवासल्याचंही फुटलं, आणि दुपारपर्यंत लकडी पूल पाण्याखाली गेला. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. मी तेव्हा वर्षाची होते. आईनं मला कडेवर घेतलं, वडिलांनी देव उचलले, आजोबांनी आजीचा हात धरला, आणि सगळे चढाच्या दिशेनं पळाले. डेस्क घरातच राहिलं.

पाणी ओसरल्यावर आजोबा परत गेले तेव्हा मागची भिंत खचली होती. डेस्क तिसऱ्या दिवशी चिखलातून निघालं, पालथं, झाकण फुगून बसलेलं. शेजारीपाजारी सगळे सामान उन्हात पसरत होते. कपाटं, पाट, खाटा, सगळं. आजोबांनी डेस्क उन्हात जाऊ दिलं नाही. आधी गार पाण्यानं चिखल धुतला. मग भिंतीच्या आडोशाला चार विटांवर उभं केलं, म्हणजे खालून वारा लागेल. फळी वाकू नये म्हणून वर आणखी विटा ठेवल्या. पुढचे दोन महिने आमचं कुटुंब गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये होतं. नालीदार पत्र्याच्या त्या अर्ध्या पिंपासारख्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, तरी डेस्क विटांखाली सुकत होतं.

लाकूड बाहेरून भराभर सुकलं आणि आत ओल राहिली तर वरचा थर आखडतो, आतला आखडत नाही, आणि मग चीर पडते. हे मला सुतारांनी समजावलं. उन्हात टाकलेली शेजाऱ्यांची शिसवी पेटी उभी फाटली, असं आई सांगायची. आमच्या डेस्काला एवढ्या वर्षांत एक केसाएवढी भेग आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला. ती मी भरू दिली नाही.

वाचलेल्या वस्तूंत आजोबांनी डेस्कासाठीच एवढं का केलं, हे मात्र मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं.

३. कामात असलेली वस्तू टिकते.

आजोबा शाळामास्तर. त्यांनी याच डेस्कावर पेपर तपासले. त्यांच्यानंतर ते आईनं स्वयंपाकघरात ओढलं. ती मोहरी निवडायची ती त्याच्या उतारावर. मूठभर मोहरी वरच्या कडेला सोडायची आणि झाकणाला हलकी टिचकी मारायची. गोल दाणा घरंगळत खाली परातीत, काड्या, खडे नि माती वरच. एक किलो मोहरी अर्ध्या तासात. मी शेजारी बसून परात धरायची. अजूनही झाकणाच्या फटीत सुई फिरवली तर कधीतरी मोहरीचा दाणा निघतो.

पुढे चाळीस वर्षं ते माळ्यावर होतं. जे पुरात झालं नाही ते माळ्यावर झालं: एका बिजागरीला गंज, खालच्या पट्टीला भुंगा, कोपऱ्यात पालींची अंडी. सागाच्या गाभ्याला कीड सहसा जात नाही. पट्टीत गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड आलं होतं, नेमकं तेवढंच पोखरलं गेलं. रोज फडकं फिरवणारा हात असता तर पहिला भुसा पडला त्याच दिवशी दिसला असता.

४. वाटणीच्या वेळी सगळ्यात कमी बोलणाऱ्याला विचारावं.

आजोबा १९७२ साली गेले. पुढच्या वर्षी वाटणी झाली. पुरानंतर मिळालेलं घर, गावाकडची थोडी जमीन, भांडी. आत्याचाही त्यात कायद्यानं हिस्सा होता. तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नाशिकहून बोलावून घेतलं. त्या काळी असं सगळीकडेच चालायचं, माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करायच्या, आजही करतात. कागद डेस्कावर ठेवला होता. आत्यानं सही केली, पेन बंद केलं, आणि म्हणाली, "मला बाकी काही नको. हे डेस्क द्या."

मी तेरा वर्षांची होते, दारात उभी होते, म्हणून मला ते वाक्य ऐकू आलं. थोरले काका म्हणाले, वडिलोपार्जित वस्तू घराबाहेर जायची नाही. वडील गप्प बसले. माझे वडील प्रेमळ होते, आत्यावर त्यांचा जीव होता, तरी ते गप्प बसले. डेस्क काकांकडे गेलं आणि वर्षभरात त्यांच्या माळ्यावर. आत्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही.

तिला ते का हवं होतं, हे त्या खोलीतल्या कुणीही विचारलं नाही. मीही नाही विचारलं, पुढची चाळीस वर्षं.

५. वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यावी आणि आपण शेजारी बसावं.

काकांची इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा चुलतभावाचा फोन आला, जुनं लाकूड भंगारात चाललंय, काही हवंय का. मी रिक्षा करून गेले आणि डेस्क घेऊन आले. सुतारांचं काम झाल्यावर ते नाशिकला आत्याकडे नेलं. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. फोनवर काही सांगितलं नव्हतं.

तिनं चष्मा लावला नाही. पाटावर बसली, डेस्क पुढ्यात ओढलं, आणि उजवं मनगट त्या वाटीत ठेवलं. बराच वेळ तशीच बसली. मग बोरूच्या पन्हळीच्या डाव्या टोकावर अंगठा दाबला आणि पन्हळ उजवीकडे ढकलली. ती हलेना. "अगं, फुगलंय," म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून लाटणं मागवलं. लाटण्यानं दोनदा हळूच ठोकल्यावर पन्हळ सरकली. खाली दीड बोटाचा चोरखण. त्यात एक चपटी पितळी डबी होती, हिरवी पडलेली.

आम्हा भावंडांपैकी कुणालाच हा खण माहीत नव्हता. वडिलांना माहीत असता तर त्यांनी मला सांगितलं असतं. आत्याला तो सात वर्षांची असताना कळला होता.

तिनं सांगितलं ते असं. एक दिवस सकाळी गावाकडची एक बाई अंगणात येऊन बसली. तिला पणजोबांकडून कसलासा कागद हवा होता. तिच्या सासऱ्यानं कर्ज फेडलं होतं हे एकट्या दिवाणजींनाच ठाऊक आहे, असं ती आजीला सांगत होती. सावकार मेला होता, त्याचा मुलगा जमीन मागत होता. पणजोबा ओटीवर डेस्काशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. दुपार झाली, आजीनं त्या बाईला भाकरी दिली, ती तिनं घेतली नाही. दिवेलागणीला बाई उठून गेली. रात्री आत्या पाणी प्यायला उठली तर कंदिलाच्या उजेडात पणजोबा डेस्काशी बसलेले. त्यांनी पन्हळ सरकवली, डबी उघडली, कागद बघितला, आणि परत ठेवला.

"मला वाटायचं, डेस्क माझ्याकडे आलं तर तो कागद मी कुणाकडून तरी वाचून घेईन," आत्या म्हणाली. "दुसरं काय करणार होते मी त्याचं?"

६. मोडी शिकावी, निदान आपल्या घरच्या कागदापुरती.

डबीत एकच जाड हातकागद होता, चार घड्यांचा. काजळाची शाई पुराच्या पाण्यानं थोडी पसरली होती, गेली नव्हती. सगळा मजकूर मोडीत. आजोबांना मोडी येत होती, वडिलांना अक्षरं ओळखता यायची, मला तेवढंही नाही. तीन पिढ्यांत एक लिपी घरातून गेली.

पुण्यात मोडीचे वर्ग चालतात. मी एकात नाव घातलं. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांत अंतर सोडत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शब्द ओळखायचा तो मागच्यापुढच्या मजकुरावरून. आकडे तर वेगळंच प्रकरण: रुपये, आणे, पै, पाव, अर्धा नि पाऊण दाखवायला उभ्याआडव्या रेघा. महिनाभर डोकं दुखलं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी एका ओळीतून गावाचं नाव उभं राहिलं, आणि मला रडू आलं. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, त्यांच्यासाठी जाणकार आहेत. आपल्या घरच्या एका कागदासाठी आपल्यालाच बसावं लागतं.

७. जुना कागद उघडा ठेवू नये.

हे थोडक्यात. कसर लागते. डबीत परत घालू नका, पितळेची हिरवट पूड कागद खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल कोंडते. सुती फडक्यात सपाट ठेवा, जवळ वेखंडाचं कांड ठेवा, पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. सेलोटेप कधीही नाही. आणि वस्तूच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवा: ही कुणाची, कुणाकडून कुणाकडे गेली, दुरुस्ती केव्हा झाली. आमच्या डेस्काखाली आता अशी चिठ्ठी आहे. तिच्यात आत्याचं नाव वारसांत लिहिलं आहे.

८. पूर्वजाला देव्हाऱ्यात बसवू नये.

कागदावर शके १८२२ होतं, म्हणजे १९०० साल. अकरा नावं, गाव, मुद्दल, व्याज. चार नावांपुढे लिहिलं होतं, "फेडले". आणि त्याच्या पुढे, जरा बारीक अक्षरात, "पावती दिली नाही".

मी पणजोबांची गोष्ट लहानपणापासून ऐकत होते. अक्षर मोत्यासारखं, हिशेबात पैचीही चूक नाही, सावकाराच्या मिठाला जागले. यातलं काहीही खोटं नाही. त्यांच्या जन्मानंतर तीन वर्षांनी, १२ मे १८७५ ला, त्यांच्याच भागात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. बाकी लुटीपेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, कारण फेडलेल्या कर्जाचा रोखा सावकार परत देत नसे आणि तोच पुन्हा कोर्टात उभा करत असे. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला पावती देणं त्यात सावकारावर बंधनकारक केलं होतं. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. मी तो कॉलेजात वाचला होता. लिहिता येणाऱ्या माणसानं लिहिता न येणाऱ्याचं काय केलं, हे त्यात लिहिलं आहे, आणि वाचताना तो लिहिणारा हात माझ्या घरातला असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

पणजोबांना कायदा ठाऊक होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांत त्या चार माणसांनी पैसे कुठून आणले असतील? पणजोबांनी पैसे मोजून घेतले, पावती दिली नाही, कारण धनी नको म्हणाला असेल. मग घरी येऊन खरं ते लिहून ठेवलं आणि लपवलं. चाळीस वर्षं ते त्या कागदावर मनगट टेकून बसले. बाई दारात आली तेव्हाही त्यांनी तो दिला नाही. कागद फाडला मात्र नाही.

त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार आहे का, याचा मी खूप विचार केला. मी बँकेत शेतीकर्जाचं काम पाहिलं, बरीच वर्षं. २००८ च्या कर्जमाफीच्या वेळी मी दौंड तालुक्यातल्या एका शाखेत होते. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्यावर जमीन असेल तर ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट. याद्या करून फलकावर लावायच्या होत्या. एका शेतकऱ्याचं क्षेत्र आमच्याच नोंदीत चुकून जास्त पडलं होतं. तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी यादीतून मान वर न करता सांगितलं, साहेब आले की या. चौथ्यांदा तो आला नाही. मी ती नोंद पुढे दुरुस्त करून घेतली, मुदतीत झाली, त्याला माफीही मिळाली. पण त्याचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नव्हता. कागद वाचला त्या रात्री मला पहिल्यांदा तो माणूस आठवला.

आता पणजोबांचा फोटो आमच्याकडे भिंतीवर आहे, पूर्वी होता तिथेच. हार घालत नाही. काढलाही नाही.

९. कागद ज्याचा आहे त्याला पोचवावा.

आत्याला सगळा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, "जा मग." डेस्क मी तिच्याकडेच ठेवलं होतं. शेवटपर्यंत ती त्यावर लिहीत होती, शाळेच्या दोनशे पानी वहीत, पेन्सिलीनं. २०१९ मध्ये ती गेल्यापासून डेस्क तिच्या नातीकडे आहे.

त्या चौघांपैकी तिघांच्या घरांचा माग लागला नाही. एकाचा लागला. २०१७ च्या जानेवारीत मी गावी गेले. घर साधं, पुढे गोठा. पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ खाटेवर बसले होते. मी कोण, कुणाची, हे आधी सांगितलं. सावकाराच्या दिवाणजीची पणती म्हटल्यावर त्यांच्या सूनबाई चहा ठेवता ठेवता थांबल्या. मी मूळ कागद फडक्यातून काढला, ओळ बोटानं दाखवली आणि मोठ्यानं वाचली: त्यांच्या आजोबांचं नाव, रुपये, आणे, "फेडले".

ती जमीन त्यांच्या घरातून केव्हाच गेली होती. आता ती तिसऱ्याच कुणाची आहे. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला काय बोलावं सुचेना. ते म्हणाले, "आमचा म्हातारा मरेस्तोवर म्हणायचा, म्या फेडलंय. घरात कुणी धरलं नाही त्याचं. माझ्या बापानंबी नाही."

मी सोबत झेरॉक्स नेली होती, खाली बाळबोधीत सगळं लिहून. त्यांनी ती हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, मग सूनबाईंना आतून सातबाऱ्याची पिशवी आणायला सांगितली. पिशवीत ठेवता ठेवता हात थांबला. कागद त्यांनी परत माझ्यापुढे धरला.

"ताई, पावतीवर घेणाऱ्याची सही लागती."

मी पेन काढलं. खाटेच्या कडेवर कागद टेकवला, नाव लिहिलं, खाली तारीख घातली.